संक्रांतीच्या वाणात अजरखचं पाउच मिळालं आणि मी माझी ओढणी कपाटात ठेवून दिली

निळसर
रविवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकते, थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

मध्यंतरी इथे बडोद्यात, दांडिया बाजारात एका ओळखीच्या काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दारात शिरले तर तोरण अजरखचं (कच्छचं ते ठशांनी छापलेलं निळं-लाल कापड), सोफ्यावरच्या उश्या अजरखच्या, आणि बसलेल्या बायकांमध्ये मी मोजल्या, सात जणींच्या अंगावर अजरख, कुणाचा कुर्ता, कुणाची साडी, एकीचं जाकीट. हळदीकुंकू लावून तिळगूळ हातावर ठेवला आणि वाण दिलं तर तेही अजरख प्रिंटचं चेनवालं पाउच! आणि मी नेमकी त्याच दिवशी माझी ओढणी घेऊन गेलेले. एक मावशी अगदी प्रेमानं म्हणाल्या, "अगं तू पण? वा, आज सगळ्यांनी ठरवल्यासारखंच झालं." त्यांच्या मनात काही नव्हतं हो. पण मी घरी आले, ओढणीची घडी केली आणि खालच्या कप्प्यात ठेवून दिली. तेव्हापासून ती बाहेर काढलीच नाहीये आणि त्याचंच मला वाईट वाटतंय.

ती ओढणी मी २००४ साली घेतलेली, कॉलेजात होते, कॉमर्सला. माझी एक मैत्रीण फाइन आर्ट्सला होती, तिच्याबरोबर एका प्रदर्शनात गेले. तिथे कच्छहून आलेले एक चाचा बसले होते. भूकंपाला तीनच वर्षं झाली होती तेव्हा. त्यांनी ओढणी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "बेन, आमां सीधी बाजू कई?" मी इकडून बघितली, तिकडून बघितली, मला सांगताच येईना. दोन्हीकडे तेवढाच गडद निळा, तोच लाल, पांढरी रेघ रेघेवर बसलेली. ते हसले, म्हणाले दोन्ही बाजूंनी छापलंय, बिपुरी म्हणतात. साडेसहाशे रुपये म्हणजे माझा दोन महिन्यांचा हातखर्च होता, तो तिथेच दिला.

त्यानंतर वीस वर्षं ती ओढणी नेसत्या साडीवरसुद्धा शालीसारखी घेतलीय मी. तेव्हा असं व्हायचं की स्टेशनवर, बसमध्ये, कुणीतरी अनोळखी बाई थांबून विचारायची, "कच्छचं का हो?" आणि मग पाच मिनिटं गप्पा. आता कुणी विचारत नाही, कारण विचारण्यासारखं काही राहिलंच नाही, पडदे अजरख, मोबाईलचं कव्हर अजरख, मिठाईचा खोकासुद्धा अजरख.

माझं कापड तर तेच आहे ना? एक धागा बदललेला नाही. मग मला ते आता घालावंसं का वाटत नाही? तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का, अजरखचं नाहीतर दुसऱ्या कशाचं?

गरबाग्राउंड
रविवार, रात्री ११.२०

+१. गेल्या नवरात्रात आमच्या ग्रुपच्या अकरा जणांनी अजरखचं केडियूं (गरब्याचा घेरदार अंगरखा) शिवलं, म्हटलं वेगळं दिसेल. ग्राउंडवर गेलो तर निम्मं ग्राउंड तेच. आम्ही एकमेकांनाच सापडत नव्हतो.

कापडाचा_गल्ला
सोमवार, सकाळी ९.०५

ताई, मी दुकानदाराच्या घरचा आहे, लहरीपुरा भागात आमचं कापडाचं दुकान, आजोबांपासून. तुमचं मन दुखलं ते कळलं पण माझी बाजू पण ऐका.

आमच्याकडे रोज कॉलेजच्या मुली येतात, त्यांच्याकडे तीनशे-चारशे रुपये असतात आणि त्यात त्यांना कुर्त्याचं कापड पाहिजे असतं जे छान दिसेल. स्क्रीनचा, म्हणजे जाळीच्या फ्रेमनं छापलेला अजरख मी मीटरला एकशे तीसनं देतो. हातछपाईचा त्याच मीटरला चारशेच्या खाली मला परवडतच नाही, आणि नैसर्गिक रंगाचा दोन्ही बाजूंनी छापलेला तर आणखी वर. ती मुलगी काय करेल? तिनं घालूच नये का? तुम्ही पण २००४ मध्ये कॉलेजातच होतात ना, तुम्हाला दोन महिने साठवता आले, सगळ्यांना येत नाहीत.

आणि आम्ही फसवत नाही. कुणी विचारलं तर सांगतो, हा जेतपूरचा स्क्रीन आहे, हा सुरतचा डिजिटल आहे, हा हातचा आहे. पण खरं सांगू का, शंभरातले नव्वद विचारतच नाहीत, थान उघडलं, रंग बघितला, "दोन मीटर फाडा".

(हा आकडा नुसता बोलण्यातला, मोजलेला नाही.)

फतेगंजची
सोमवार, दुपारी १.१५

मी फाइन आर्ट्सची, १९९८ ची बॅच. निळसर, तुझी ती मैत्रीण माझ्यासारखीच असणार, म्हणून मनापासून एक कबूल करते.

तेव्हा आम्हाला ते कापड आवडायचं हे खरंच, पण ते दुसऱ्या कुणाकडे नाही हेही तितकंच आवडायचं. कुणी विचारलं कुठून घेतलं तर आम्ही नीट पत्ता सांगायचो नाही गं. "एका ओळखीच्यांकडून" म्हणायचो. कारण सांगितलं की आठवड्यात दहा जणी घालून येणार हे माहीत होतं. म्हणजे कारागिराला गिऱ्हाईक मिळू नये असं आम्ही स्वतःच वागलो, आपल्या अंगावर ते उठून दिसावं म्हणून. आता आठवलं की लाज वाटते. त्या वेळी एक छपाई करणारे काका आमच्या कॅम्पसमध्ये गाठोडं घेऊन यायचे, पायरीवर बसायचे आणि संध्याकाळी बरंचसं कापड परत बांधून न्यायचे.

त्यामुळे ओढणी घालावीशी वाटत नाही यात कापडाचा दोष नाही, आणि त्या सात जणींचाही नाही. आपल्याला 'ओळखणारी' असण्याची सवय लागली होती, ती गेली.

निळसर
सोमवार, दुपारी ३.४०

फतेगंजची, वाचून गप्प झाले. खरं आहे बहुतेक. पण सगळं तेवढंच आहे असं नाही वाटत गं मला. त्या सात जणींच्या अंगावर जर खरंच चाचांच्या हातचं कापड असतं तर मला इतकं रिकामं वाटलं असतं का? मला वाटतं आनंद झाला असता, मी एकेकीला उलटी बाजू दाखवायला लावली असती.

गल्ला भाऊ, तुमच्यावर राग अजिबात नाही. एक विचारते, स्क्रीनच्या थानाला पण 'अजरख'च म्हणता का?

कापडाचा_गल्ला
सोमवार, संध्याकाळी ५.३०

हो ताई, अजरखच म्हणतो. स्क्रीनवाल्याला 'अजरख' आणि हातच्याला 'प्युअर अजरख'. आता बोलता बोलता लक्षात येतंय की हे उलटं झालंय.

भुजहून_परत
सोमवार, रात्री ९.१०

मी मूळची बडोद्याची, वाडीची, नोकरीनिमित्त सहा वर्षं भुजला होते, अजरखपूर तिथून जवळच, सुट्टीच्या दिवशी जायचे. त्यामुळे तिकडचं थोडं सांगते, कारण इथे सगळे डिझाइनबद्दल बोलतायत आणि अजरख हे डिझाइनचं नाव नाहीच मुळी, कामाचं नाव आहे.

हे काम करणारे खत्री लोक मूळचे सिंधचे, सोळाव्या शतकात कच्छच्या रावांनी बोलावून घेतलं आणि ते सारण नदीच्या काठी धमडक्याला वसले. नदी हवी, कारण या कामात निम्मं धुणंच आहे. गिऱ्हाईक कोण, तर गुरं राखणारे मालधारी. लुंगी, फेटा, खांद्यावरचं कापड, झोळी, सगळं तेच. म्हणजे आपण ज्याला खास-खास म्हणतोय ते गुराख्याचं रोजचं कापड होतं बरं का! मग गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि गुराख्यांनी ते घेतलं. १९७० च्या सुमाराला मोहम्मद सिद्दिक खत्रींनी नैसर्गिक रंगांचं काम नव्यानं उभं केलं आणि मुलांना शिकवलं. त्यातल्या इस्माईलभाईंना २००३ साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. मधे २००१ चा भूकंप झाला, धमडकं पडलं, तिथल्या पाण्यात लोह वाढलं, रंग बिघडायला लागला, म्हणून भुजजवळ जागा घेऊन नवं गाव वसवलं आणि नाव ठेवलं अजरखपूर. तुमचे चाचा त्या गडबडीतूनच आलेले असणार निळसर, तीन वर्षांत घर उभं करून बडोद्याला प्रदर्शनात बसायला.

आता काम. मी एकदा एकाच थानाच्या मागे मागे जेवढं बघता येईल तेवढं बघितलं. आधी कापड धुऊन त्यातली खळ काढायची. मग एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्या यांच्या पाण्यात भिजवून मळायचं आणि वाळवायचं. मग हिरड्याचं पाणी, त्यानं कापड पिवळट होतं. मग चुना आणि डिंकाचा लगदा ठशानं छापायचा, हा रंग नव्हे, जिथे पांढरं राहायला हवं तिथे रंग चढू नये म्हणून. त्यानंतर काळा, तो गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून करतात, चिंचोक्याची खळ घालून दाट करतात, त्या पिंपाजवळ उभं राहिलं की आंबूस वास नाकात बसतो तो घरी येईपर्यंत जात नाही. जिथे लाल यायचा तिथे तुरटी छापायची, तेव्हा लाल काहीच दिसत नाही, नुसता डाग. त्यावर झाकण म्हणून पुन्हा लेप, मग निळीचा हौद, मग उन्हात, मग धुणं, आणि शेवटी मंजिष्ठाच्या (लाल रंग देणारं मूळ) नाहीतर अलिझरिनच्या (तसाच लाल, कारखान्यातला) पाण्यात तांब्याच्या हंड्यात उकळायचं. तिथे मी उभी होते. कळकट थान आत गेलं, काठीनं ढवळत होते, आणि जिथे जिथे तुरटी होती तिथे तिथे लाल फुटायला लागला, आधी विटकरी, मग गडद. मी बघतच राहिले. सगळं धरून तीनेक आठवडे, पावसाळ्यात ऊनच नाही म्हणून आणखी जास्त. तिकडे लोक म्हणतात अजरख म्हणजे 'आज रख', आज राहू दे. भाषेचे लोक ते अरबी 'अझरक' म्हणजे निळा याच्याशी जोडतात. पण काम बघितल्यावर मला 'आज रख' जास्त पटतं.

आणि एक, फॅशन आली हे तिकडे वाईट मानत नाहीत. कामं मिळाली, नोकरीला बाहेर गेलेली मुलं परत येऊन बापाच्या शेजारी ठसा धरून उभी राहिली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे "सगळ्यांकडे झालं म्हणून वाया गेलं" हे मला मान्य नाही.

मोती_मिळवा
सोमवार, रात्री ९.४०

खूप छान माहिती. मोहेंजोदडोच्या त्या दाढीवाल्या पुरोहिताच्या पुतळ्याच्या शालीवर पण अजरखच आहे ना? चार हजार वर्षं जुनं.

भुजहून_परत
सोमवार, रात्री १०.०५

त्या शालीवर तीन पाकळ्यांची नक्षी आहे एवढं नक्की. ती अजरखच, हे दुकानाच्या टॅगवर लिहितात म्हणून धरून चालू नका. इजिप्तमध्ये फुस्तातला मध्ययुगातले छापील सुती कापडाचे तुकडे सापडलेत, त्यातले पुष्कळ गुजरातचे मानतात, ते मात्र संग्रहालयांत आहेत आणि अभ्यासलेले आहेत. तेवढं जुनेपण मला पुरतं.

निवृत्त_रसायन
मंगळवार, सकाळी ७.३०

नमस्कार. माझी सगळी नोकरी रंगांच्या कारखान्यात गेली, आता निवृत्त. भुजहून_परत यांनी जे सांगितलं त्याच्या मागचं थोडं रसायन सांगतो, तरुण मंडळींना उपयोग होईल.

हिरड्यात टॅनिन असतं. त्यावर लोखंडाचं पाणी छापलं की दोन्ही मिळून काळा होतो, जुन्या काळची लिहायची शाई अशीच व्हायची. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम, ते धाग्याला धरून बसतं आणि मंजिष्ठातलं अलिझरिन येऊन त्याला चिकटतं, म्हणून लाल तिथेच उठतो, बाकीच्या जागी टिकत नाही. आमच्या क्षेत्रात याला मॉरडंट म्हणतात. हे लोक शाळेत रसायन न शिकता पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

पण 'नैसर्गिक तेच खरं' असा हट्ट धरू नये असं माझं मत. अलिझरिन १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थापासून बनवलं, पुढे मंजिष्ठाची शेती बसली. निळीचं तेच, १८९७ पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. रेणू तोच आहे, झाडातला काय आणि कारखान्यातला काय. आणि आपल्या बडोद्यालाही यात मोठा मान आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, त्याचे पहिले प्राचार्य गज्जर स्वतः रसायनतज्ज्ञ, तिथे रंगाई-छपाई शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी हे सगळ्यांना माहीत असतं, रंगशाळेचं कुणाला आठवत नाही. त्या काळी नवे रंग हे हुशारीचं, प्रगतीचं लक्षण होतं, हातच्या रंगाऱ्याला मागासलेला समजत. आज उलट. म्हणजे कशाला मान द्यायचा ते दर पन्नास वर्षांनी बदलतं. तेव्हा रंग कुठला यापेक्षा टप्पे पाळलेत का ते बघा. अलिझरिन कारखान्यातलं असलं तरी तुरटी, हिरडा, निळीचा हौद हे सगळं केलं असेल तर मी त्याला अजरख म्हणेन. स्क्रीननं एका दिवसात चार रंग मारले असतील तर नाही म्हणणार.

शिवणयंत्र
मंगळवार, दुपारी १२.५०

ओळखायचं कसं ते मी सांगते, रोज कात्री चालवते. मांजलपूरला घरीच शिवते, बावीस वर्षं झाली.

पहिलं, उलटी बाजू. मागून पांढरं दिसलं तर कापड निळीच्या हौदात गेलेलंच नाही, विषय संपला. एकाच बाजूनं छापलेला हातचा असेल तर मागची नक्षी फिकी असते पण निळा असतोच. दुसरं, नक्षीतली चूक शोधा. हातच्या कामात ठशाला ठसा जुळवतात, कुठेतरी केसभर सरकतोच, पण पुढच्या ठशाला तो वेगळा सरकतो. स्क्रीनमध्ये चूक असेल तर तीच चूक मोजून तेवढ्याच अंतरावर परत परत येते. मी गिऱ्हाइकाला हेच दाखवते, एक तुटकी चांदणी शोधा आणि बघा तशीच पुढे कितव्या वेळी येते. तिसरं, नवीन असताना निळीचा हात लागतो, बोटं निळी होतात, त्याला घाबरू नका, दोन-तीन धुण्यात थांबतो. चौथं म्हणजे स्वस्त छापील कापडात बऱ्याचदा प्रिंट तिरकं बसलेलं असतं, नक्षी सरळ धरून कापलं की धागा तिरका जातो आणि धुतल्यावर कुर्ता अंगावर पिळवटतो, मग शिलाईवालीला बोल. हे माझ्याबाबतीत इतक्या वेळा झालंय की आता मी आधीच सांगते.

आणि चिंध्या! खऱ्या अजरखची चार बोटांची चिंधी पण मी टाकत नाही, डबा भरून ठेवलाय. स्क्रीनच्या चिंध्या आठवड्याला पिशवीभर निघतात, त्या पायपुसण्यात जातात.

गरबाग्राउंड
मंगळवार, दुपारी १.१०

आत्ता केडियूं उलटं करून बघितलं. पांढरं. 😐

सुमतीकाकू
मंगळवार, संध्याकाळी ६.२०

सगळ्या मुलांनो, छान लिहिताय. मी ७६ वर्षांची आहे, टाइप नातू करून देतोय. अजरख मला तेवढा कळत नाही पण खणाचं सांगते.

माझ्या लहानपणी आमच्याकडे रावपुऱ्यात सगळ्या बायकांच्या चोळ्या खणाच्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून कापड यायचं, अंगाला धरायचं, दहा वर्षं घातली तरी काठ जायचा नाही. मग आमचं लग्न झालं तेव्हा टूबाय टू रुबियाचे ब्लाउज आले आणि खण एकदम म्हाताऱ्यांचा झाला. मी स्वतः सासूबाईंना म्हटलं होतं की मला नको खणाची चोळी, गावंढळ दिसते. नंतर खण फक्त ओटीत उरला, तोही कडक कांजी घातलेला, शिवायला न पुरणारा एवढासा तुकडा, एकीकडून दुसरीकडे फिरत राहायचा, कुणी शिवायचंच नाही. आणि आता सात-आठ वर्षांमागे नातीच्या मैत्रिणी खणाच्या साड्या नेसून आल्या! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मग दोन वर्षांत गणपतीच्या मखराला खण, डायरीला खण, नथीच्या डबीला खण, आणि हात लावला तर सगळं पॉलिस्टर, घसरतंय.

आणखी एक. माझ्या लग्नात माहेरून संखेड्याचा झोपाळा आला होता, लाल-सोनेरी, लाखकामाचा. तेव्हा बडोद्यात संखेड्याचं फर्निचर नाही असं लग्नच नव्हतं. मग प्रत्येकाच्या घरी तेच ते झालं, आणि मग सनमायका आला. आम्ही तो झोपाळा भंगारवाल्याच्या भावात दिला, १९८९ साली, कारण घरात जुनाट दिसतो असं सगळ्यांना वाटलं, मला पण. आता तसा करून घ्यायचा म्हटलं तर काय किंमत आहे ते बघा. मला अजून त्या कड्यांचा आवाज आठवतो. म्हणून निळसर बाळा, तुझी ओढणी कपाटात ठेव हवं तर, पण देऊन टाकू नकोस कुणाला.

कापडाचा_गल्ला
मंगळवार, रात्री ९.५०

काकूंचं वाचून एक सांगावंसं वाटलं, दुकानातली आतली गोष्ट आहे पण सांगतो.

या महिन्यात आमचा व्यापारी आला होता, तो बाबांना म्हणाला, अजरख आता कमी उचला, पुढच्या सीझनला चालणार नाही, लोक कंटाळले. दुसरं काहीतरी दाखवत होता, फुलाफुलांचं. बाबांनी अजरखच्या लॉटची ऑर्डर निम्मी केली. मी तेव्हा काही विचार केला नव्हता. पण आता वाटतंय की स्क्रीनवाला काय करेल, फ्रेम काढून दुसरी लावेल, एका दिवसाचं काम, त्याच टेबलावर त्याच माणसांकडून फुलं छापून घेईल. त्याचं काहीच जात नाही. पण ज्यानं मुलाला परत बोलावून ठसा हातात दिलाय त्याचं काय? त्याच्याकडे तर हिरडा भिजत घातलेला असणार.

भुजहून_परत
मंगळवार, रात्री १०.३०

भाऊ, नेमकं बोललात. मी काल फॅशनची बाजू घेतली ती मागे घेत नाही, पण ही भीती तिकडे मी ऐकलेली आहे, फक्त इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. एका घरातले मोठे भाई म्हणायचे, ऑर्डर वाढली की आधी विचार येतो किती नवे हात शिकवायचे, कारण शिकवलेल्या हाताला मग कायम काम द्यावं लागतं.

२०२४ ला कच्छ अजरखला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. म्हणजे ते नाव आता कुणीही कशालाही लावावं असं नाही. पण दुकानाच्या काउंटरवर ते कोण बघतंय. तिथे तुमच्यासारख्या माणसानं काय नाव घेतलं त्यावरच आहे.

फतेगंजची
मंगळवार, रात्री १०.४५

म्हणजे निळसर, तू हळदीकुंकवात बघितलंस ते हेच. नक्षी गावभर झाली, काम तेवढंच राहिलं. आणि कंटाळा आला तर लोक नक्षीला कंटाळणार, पण फटका कामाला बसणार.

निळसर
बुधवार, रात्री ९.१५

हो. दोन दिवस मी हेच शब्द शोधत होते. मला गर्दीचा त्रास झाला नव्हता, त्या मावशी "सगळ्यांनी ठरवल्यासारखंच" म्हणाल्या आणि मी पण माझ्या ओढणीकडे तसंच, नक्षी म्हणून बघितलं, याचा झाला. चाचांनी विचारलेला प्रश्न मीच विसरले होते.

आज काय झालं ते सांगते. माझी भाची आलेली, एकोणीस वर्षांची, तिच्या अंगात अजरखचा कुर्ता, मंगळ बाजारातून साडेतीनशेला घेतलेला, तिला फार आवडतो. मी कपाटातून ओढणी काढली आणि पलंगावर पसरली, तिला म्हटलं, यात सरळ बाजू कुठली सांग. तिनं उचलली, ट्यूबलाइटखाली धरली, परत फिरवली, म्हणाली, "मावशी, थांब हं, सांगते." पाच मिनिटं गेली. मग तिच्याच लक्षात आलं आणि तिनं कुर्त्याचा घेर उलटा करून बघितला. आत पांढरं. तिचा चेहरा जरा उतरला, म्हणाली, "म्हणजे माझा खोटा?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खोटा कसा म्हणू, तिनं स्वतःच्या पैशांनी आवडीनं घेतलाय, आणि गल्ला भाऊंचं सोमवारचं वाक्य डोक्यात होतं. मी म्हटलं, तुझा कुर्ता म्हणजे अजरखचा फोटो आहे, फोटो पण छान असतो, पण माणूस वेगळा. मग शिवणयंत्र ताईंनी सांगितलेली तुटकी चांदणी आम्ही दोघींनी शोधली. कुर्त्यावर सापडली, तीच चांदणी दर वीत-दीड वितीवर, तंतोतंत तशीच तुटकी. ओढणीवर पण एक सापडली, एका कोपऱ्यात ठसा सरकून निळ्यात पांढरी रेघ जाड झालीय, अख्ख्या अडीच मीटरमध्ये तशी दुसरी नाही. वीस वर्षांत मला ती कधी दिसली नव्हती! भाचीनं त्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे त्यांचा हात हलला असेल का?"

जाताना ती ओढणी घेऊन गेलीय, त्याच कुर्त्यावर. उद्या कॉलेजला घालणार म्हणते. साबण नको, रिठ्यानं धू, सावलीत वाळव, एवढं दहा वेळा सांगितलंय. सुमतीकाकू, देऊन टाकली नाहीये हं, रविवारी परत आणणार आहे.

गल्ला भाऊ, त्या थानाच्या नावाचं काय ठरलं?

कापडाचा_गल्ला
बुधवार, रात्री १०.००

बाबांशी बोललो. ते आधी म्हणाले गिऱ्हाईक गोंधळेल. मग म्हणाले तू तुझ्या काउंटरवर करून बघ. आजपासून मी स्क्रीनवाल्याला 'अजरख छाप' म्हणतोय आणि हातच्या थानाला नुसतं 'अजरख'. दुपारी एका बाईंनी विचारलं, दोन्हीत फरक काय? मी दोन्ही थानं उलटी करून दाखवली. त्यांनी घेतलं स्क्रीनचंच, पण हातच्या कापडावरून बराच वेळ हात फिरवत होत्या. हातचं अर्धं थान शिल्लक आहे, बाबा ते परत करणार होते, मी ठेवून घ्यायला सांगितलंय.

शिवणयंत्र
बुधवार, रात्री १०.२०

निळसर ताई, वीस वर्षांच्या ओढणीचे पदर विरले असतील ना? मशीन मारू नका कुणाकडून, सुई जाड असते, जुना धागा कापला जातो.

निळसर
बुधवार, रात्री १०.२५

हो, एका टोकाला सुतं निघालीयत, चार बोटं तरी. काय करू?

शिवणयंत्र
बुधवार, रात्री १०.४०

रविवारी भाचीनं परत आणली की घेऊन या माझ्याकडे. काठ आत दुमडून हातानं तुरपाई घालून देते, आणि जिथे फारच विरलंय तिथे आतून माझ्या डब्यातली चिंधी लावू, निळीला निळी जुळणारी शोधावी लागेल, दिवसाउजेडी या.